पुढच्या विमानाचा वारा

मी वैमानिक होतो असं कळलं की माणसं हटकून दोन प्रश्न विचारतात. भीती नाही का वाटायची? आणि वादळात सापडला होतात का कधी? मी हो-हो करतो आणि चहा मागवतो. खरं सांगितलं तर त्यांचा विरस होतो. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ थांबण्यात गेला. धावपट्टीच्या तोंडाशी इंजिनं चालू, मागे अठरा माणसं घामाघूम, आणि मी समोरच्या रिकाम्या हवेकडे बघत बसलेला. या दिवाळी अंकाच्या संपादकांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, मग थांबण्यावरच लिहा. म्हटलं, वाचणार कोण? पण शब्द देऊन बसलोय, तर लिहितो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबई-रत्नागिरी अशी छोट्या विमानांची एक फेरी तेव्हा काही वर्षं चालली. सकाळी एक, दुपारी एक. दोन इंजिनांचं, पंख्यांचं विमान. आत उंच माणसाला वाकूनच चालावं लागायचं. प्रवासी आणि आम्ही यांच्यात दार नव्हतं. एक पडदा होता, तोही उकाड्यापायी कायम बांधलेला. माझा सहवैमानिक सावंत, कणकवलीकडचा, अबोल माणूस. त्याला कानावरचा हेडफोन फार वेळ सोसवत नसे, म्हणून आम्ही रेडिओचा स्पीकर चालू ठेवायचो. त्यामुळे मुंबईचा कंट्रोल टॉवर आम्हाला काय सांगतो ते पहिल्या रांगेतल्या माणसाला जवळजवळ सगळं ऐकू यायचं. ऐकू आलं की प्रवासी सल्ले द्यायचे. आमचा कोकणी माणूस, तो एस.टी.च्या ड्रायव्हरला सल्ले देतो, मला कशाला सोडतोय.

रत्नागिरीला कातळावर एक पट्टी होती, एक खोली होती, आणि मुरकर होते. तिकीट तपासणारे, सामानाचं वजन करणारे आणि विमान यायच्या आधी पट्टीवरची गुरं हाकणारे मुरकर एकच. पट्टीला दिवे नव्हते. म्हणजे सूर्य बुडायच्या आत उतरायचं, नाहीतर मुंबईहून निघायचंच नाही. दुपारची फेरी जरा रखडली की कंपनी ती रद्दच करून टाकायची. आमचं विमान एक तर वेळेवर यायचं, नाहीतर यायचंच नाही, अशी आमची ख्याती होती. पट्टीच्या उत्तरेला, आमच्या उतरणीच्या वाटेवर, खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथल्या बायकांनी या फेरीचं घड्याळच करून टाकलं होतं. साडेचारचं विमान डोक्यावरून गेलं की वाळत घातलेली मासळी उचलायची. विमान नाही आलं की समजायचं, आज नाही. हे मुरकरांनीच मला हसत हसत सांगितलं होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

आता थांबायचं कशासाठी, ते सांगतो. मोठं विमान हवेत राहतं म्हणजे ते खालची हवा सतत दाबत असतं. ती दाबलेली हवा पंखांच्या टोकांशी बाहेरून वर वळते आणि दोन टोकांना दोन आडवे भोवरे तयार होतात, विमानाच्या मागे लांबच लांब सुटलेले. विमान जितकं जड आणि सावकाश, तितका त्यांचा जोर मोठा. म्हणजे उडताना आणि उतरताना, जमिनीजवळच, सगळ्यात वाईट. विमान निघून जातं, भोवरे मागे राहतात. हळूहळू खाली बसतात, वाऱ्याबरोबर बाजूला सरकतात आणि मग विरतात. खाडीतून मोठी बोट गेली की मागे होडकी नाचतात, तसंच हे. फक्त खाडीतली लाट दिसते, ही दिसत नाही.

ही लाट ओळखायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. डोळे, नाक आणि बूड, ही आमची तीन यंत्रं. कुठल्या चिमणीचा धूर कसा वळतोय, घारी कशा तरंगताहेत, ते बघायचं. मोठ्या विमानांच्या इंजिनात जळलेल्या रॉकेलचा वास आला तर सावध व्हायचं. आणि पंखाला बारीकसा हिसका बसतो, तो डोक्याच्या आधी बुडाला कळतो. पुढचा गेला त्या वाटेच्या वर राहायचं. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहायचं. तो जिथे टेकला त्याच्या पुढे जाऊन टेकायचं. यातलं काही जमण्यासारखं नसेल तर थांबायचं. आणि मोठी विमानं आमच्यापेक्षा भराभर वर चढायची, त्यामुळे उडताना बहुतेक वेळा थांबणंच नशिबी यायचं. घाटात पाट्या लावलेल्या असतात ना, अति घाई संकटात नेई म्हणून, तशी एक पाटी विमानात लावा असं मी कंपनीला सुचवलं होतं. कुणी हसलंसुद्धा नाही.

हे सगळं पुस्तकात होतं, पाठही होतं. पटलं ते एका एप्रिलमधल्या सकाळी. रत्नागिरीहून मुंबईला चाललो होतो. आंब्याचा मोसम, मागे हापूसच्या पेट्या. आमच्या पुढे एक जंबो उतरत होतं. अंतर नियमाप्रमाणे होतं, आम्ही त्याच्या वाटेच्या वरही होतो. पण त्या दिवशी वारा अगदी पडला होता, पान हलत नव्हतं. अशा वेळी भोवरे लवकर मोडत नाहीत, रेंगाळतात, आणि उतरताना आम्हीच जरा जास्त खाली आलो असणार. सावंतने नाक ओढलं आणि म्हणाला, "वास येतोय." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत डावा पंख खाली गेला. गेला म्हणजे गेलाच. डाव्या खिडक्यांत घाटकोपरच्या घरांचे नुसते पत्रे आणि उजव्या खिडक्यांत नुसतं आभाळ. मी सुकाणूचं चाक उजवीकडे पूर्ण फिरवलं, विमान ऐकेना. दुसऱ्याच कुणीतरी त्याचा ताबा घेतल्यासारखं वाटलं. मग त्या भोवऱ्याने आम्हाला जसं पकडलं तसंच सोडून दिलं. विमान सरळ झालं, आम्ही वर चढलो, मोठा फेरा घेतला आणि परत येऊन उतरलो.

त्या फेऱ्यात मागे पावस बाजूचे एक म्हातारे बागायतदार होते, त्यांचा आवाज आला, "कॅप्टन, पेट्या कुठच्या कुशीवर पडल्या?"

मी म्हटलं, "नाना, माणसं धड आहेत का ते आधी बघू या."

"माणसांचं काय हो, ती झटकून उभी राहतात. आंबा दबला तर डाग पडतो."

मागे सगळे हसले. हसता हसता एक बाई ओकली. उतरल्यावर मी संडासात जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

तेव्हापासून सावंत आणि मी एक पद्धत पाडून घेतली. पुढे मोठं विमान सुटलं की इंजिनांचा जोर वाढवायच्या दांड्यांवर आधी सावंतने आपला हात ठेवायचा. त्याला हवा बरी वाटली की तो हात उचलणार, मग मी माझा ठेवणार. दोघांपैकी एकालाही शंका असली तर निघायचं नाही, आणि त्यावर चर्चा करायची नाही. चर्चा केली की माणूस स्वतःला पटवतो. मी कॅप्टन, तो माझ्या हाताखालचा, पण या एका बाबतीत त्याचा हात माझ्या हुकुमाच्या वर. कंपनीतल्या साहेबांना ही पद्धत कळल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसरे वैमानिक आमच्या विमानाला सावंतांची एस.टी. म्हणायचे. म्हणोत बापडे.

आणि मग हमीद. हे सगळं लिहिलं ते त्याच्यापर्यंत येण्यासाठीच.

हिवाळ्याचे दिवस होते, दुपारची फेरी. मुंबईला विमानाच्या जिन्यापाशी मी उभा होतो. तिशीतला एक माणूस, हातात एकच बॅग, डोळे लाल. दुबईला क्रेन चालवायचा. बाप आजारी असल्याची तार आली म्हणून रात्रीच्या विमानाने निघून सकाळी मुंबईत उतरला होता. उतरल्यावर गावातल्या दुकानात फोन लावला तेव्हा कळलं, बाप पहाटेच गेला. गाडीने जाऊन पोचायला रात्र झाली असती आणि त्यांच्यात मयत तेवढा वेळ ठेवत नाहीत. कुणीतरी आपली जागा त्याला दिली होती. गाव कुठलं म्हणून विचारलं तर तेच, खाडीच्या तोंडाशी असलेलं.

"साहेब, येळेवर जाईल ना?"

"जाईल," मी म्हणालो.

"नाय, मी गावात सांगून ठेवलाय. साडेचारचा विमान वरून गेला की समजा मी आलाव, मग मयत उचला. मी सरळ कबरस्तानातच येतो. बावांचा तोंड बघू दे मला, मग मातीत ठेवा."

"आणि विमान नाही दिसलं तर?"

"तर समजतील, आज नाय. असरच्या नमाजानंतर, सूर्य बुडायच्या आधीच, उचलतील. मग कोणासाठी थांबणार?"

तो पहिल्या रांगेत बसला, माझ्या पाठीमागेच.

आम्ही वेळेवर जागेवरून हललो. पुढे एक जंबो, पोटभर माणसं आणि इंधन घेऊन विलायतेला निघालेलं. त्याने धावायला सुरुवात केली आणि टॉवरने आम्हाला सांगितलं, मधल्या रस्त्यावरून धावपट्टीवर या. आमच्यासारख्यांना पूर्ण पट्टी लागत नाही, म्हणून मधूनच सोडायची सोय असते. पण जंबो साधारण तिथेच जमीन सोडतं, म्हणजे त्याचे भोवरे नेमके तिथून पुढे. वाऱ्याची कापडी पिशवी जेमतेम हलत होती, आडवा, मंद वारा. दोनातला एक भोवरा पट्टीवरच धरून ठेवायला इतका वारा पुरतो. टॉवर म्हणाला, उतरणारं विमान मागे आहे, लगेच निघू शकता का? नाहीतर पट्टी सोडा.

याचं उत्तर वैमानिकाच्या मर्जीवर असतं. मी हो म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. आणि मला हो म्हणायचं होतं, हे लपवत नाही. मागे बसलेल्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता. मी दांड्यांकडे हात नेला. तिथे सावंतचा हात होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, हात उचलत नव्हता.

"नाही," मी टॉवरला सांगितलं.

नाही म्हटलं की रांगेतलं स्थान जातं. आम्हाला पट्टीवरून बाहेर काढलं आणि शेवटाला नेऊन उभं केलं. आमच्या जागी दुसऱ्या एका विमानाला सोडलं. ते गेलं, सरळ वर चढलं, काही म्हणता काही झालं नाही. ते आमच्या चौपट मोठं होतं, त्याला त्या भोवऱ्याचं काय? पण हे खिडकीतून दिसत नाही. खिडकीतून एवढंच दिसतं, की तो गेला आणि आपण राहिलो.

"साहेब," मागून हमीदचा आवाज आला. "तो तर जा म्हणत होता ना?"

"म्हणत होता."

"मग?"

"पुढच्या मोठ्या विमानाचा वारा मागे राहतो, हमीद. आपलं विमान उलटं करील इतका."

त्याने पुढे वाकून आमच्या काचेतून बघितलं. स्वच्छ ऊन, मोकळी पट्टी. "खय हाय?" तो म्हणाला. मी कशाकडे बोट दाखवणार होतो?

तेवढ्यावर भागलं असतं तरी वेळ गाठली असती. पण आमच्या पुढे आणखी तीन धुडं होती. त्यांच्यातलं शेवटचं सुटतंय तोवर कुणा बड्या पाहुण्याचं विमान येणार म्हणून पट्टीच बंद केली. रत्नागिरीला उशिराचा निरोप द्यायला कंपनीच्या माणसाने फोन लावला, तर लाइन नाही. आम्ही उन्हात बसून राहिलो. मागे कुणी कंपनीला शिव्या घातल्या, कुणी सरकारला. हमीद ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता आणि त्याने एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. विमान आधीच जागेवरून हललेलं म्हणून कंपनीने फेरी रद्द केली नाही, पण निघायची परवानगी मिळाली तेव्हा सूर्य बुडायच्या आत पोचण्याइतकाच वेळ हाताशी होता. सावंतने हात उचलला, मी ठेवला, आम्ही निघालो.

किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेकडे आलो. बुरोंडी गेलं, दाभोळची खाडी गेली, जयगड गेलं. समुद्रावर ऊन तिरपं झालं होतं. मालगुंड मागे पडल्यावर उतरायला लागलो आणि ते गाव समोर आलं. गावाच्या कडेला, सुरूंच्या अलीकडे, कबरस्तान. तिथे पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीने उभी होती.

मागे खिडकीशी हमीदने कपाळ टेकलं होतं. "बावा," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि हळूच म्हणाला, पण विमानात सगळ्यांना ऐकू गेलं.

मी सूर्याकडे बघितलं, सावंतकडे बघितलं. सावंत म्हणाला, "एक फेरा होईल." मी गावावरून एक पूर्ण फेरा घेतला, खाली न जाता, पंख कलते ठेवून. ती माणसं वर बघू लागली. इतक्या वरून चेहरे दिसत नाहीत, पण मान वर केलेली कळते. मग वळून उतरलो. मुरकरांना काही सांगावं लागलं नाही, गावाकडून त्यांना हमीदचं कळलं होतं, ते रिक्षा उभी करूनच थांबले होते. हमीद जिना उतरला आणि मागे न बघता पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरकरांनी सांगितलं. साडेचार झाले, विमान नाही. थोडी वाट बघितली, आज नाही असं ठरलं आणि असरनंतर मयत उचललं. आम्ही वरून गेलो तेव्हा मूठमाती चालू होती, कबर बुजत आली होती. "पण तुमचा विमान घिरटी घालताना बघितलानी ना," मुरकर म्हणाले, "तेव्हा लोक थांबले. डोक्याकडची बाजू त्याच्यासाठी तशीच ठेवलीनी. त्याने येऊन माती घातली." तोंड मात्र त्याला बघायला मिळालं नाही. वर्षानुवर्षं आमच्या वेळेवर येण्याने त्या गावाला जे शिकवलं होतं, त्याप्रमाणेच ती माणसं वागली. त्यांचं काय चुकलं? आणि सावंतचं तरी काय चुकलं? मला त्या दिवसांत झोपेतून उठल्यासारखं वाटतच नसे. दिवसभर अंग जड.

दीड-दोन महिन्यांनी सकाळच्या फेरीला हमीद पुन्हा आला, दुबईला परत जायला. पहिल्याच रांगेत बसला. सलाम केला. मुंबईजवळ पोचलो तर पुढे एक अजस्र विमान उतरत होतं आणि वारा पडलेला. मी टॉवरकडे जास्तीचं अंतर मागितलं आणि त्यांनी आम्हाला समुद्रावर फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेऱ्याला मागचा एक गृहस्थ कावला. त्यालाही पुढचं विमान गाठायचं होतं. "समोर रस्ता मोकळा दिसतोय आणि हे गरगर फिरवतायत. धंदा हाय की खेळ?"

मी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. उत्तर हमीदने दिलं, मागे वळून, अगदी शांतपणे. "ह्याच थांबण्यापायी मी बापाच्या मातीला उशिरा पोचलाव. मी गप बसलाव ना? तुमचा विमान चुकला तर दुसरा मिळेल. बसा."

तो गृहस्थ बसला. सावंतने माझ्याकडे बघितलं आणि परत समोर बघू लागला.

उतरल्यावर मी जिन्यापाशी उभा राहिलो. हमीद सगळ्यात शेवटी आला. बॅग खाली ठेवली.

"साहेब, एक इचारू? खरा सांगा."

"विचार."

"त्या दिवशी तो वारा होता काय तिथे?"

मला खोटं बोलता आलं नाही. आमच्या धंद्यात जे नक्की नाही ते नक्की म्हणायचं नाही, अशी सवय हाडात भिनलेली असते. "माहीत नाही, हमीद," मी म्हणालो. "असेल. नसेलही. आत शिरल्याशिवाय ते कळत नाही."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. मग बॅग उचलली.

"होता म्हणाला असतात तर बरा झाला असता," तो म्हणाला आणि गेला.

पुढे ती फेरी बंद पडली. मी दुसरीकडे गेलो, मोठ्या विमानांवर, जिथे दुसरे आमच्या वाऱ्याला भिऊन थांबायचे. सावंत गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी किती वेळा थांबलो आणि किती प्रवाशांनी जिन्याशी उभं राहून, कधी चिडून, कधी सहज, तेच विचारलं, की खरंच काही होतं का हो तिथे? प्रत्येकाला मी सांगितलं, होता. चांगला मोठा वारा होता, आपण शिरलो असतो तर खैर नव्हती. ऐकून माणसं समाधानाने घरी जायची.

हमीद काही परत माझ्या विमानात आला नाही.